आधी नक्कल, मग वाटणी : गिरणगावातल्या गरोदर बाया आणि फॉलिक ॲसिडची गोळी

"डॉक्टर, गोळी लोहाची आहे ना? मग तिच्यात हे फॉलिक ॲसिड कशाला घातलंय?"

ओपीडीत हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. विचारणारी बहुतेक वेळा गरोदर बाई नसते, तिच्याबरोबर आलेली सासू असते. "रक्त वाढतं" एवढं उत्तर दिलं की दोघी निघून जातात, आणि पुढच्या फेरीला कळतं की निम्म्या गोळ्या डब्यातच पडून आहेत. म्हणून आज पुरतं उत्तर देतो. ते थोडं लांब आहे, त्यात मुंबईच्या कापड गिरण्या आहेत, एक इंग्रज डॉक्टरीण आहे, आपल्या जळगावची केळी आहे आणि सातपुड्यातला सिकलसेलही आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवात पेशीपासून. तुमच्या शरीरातली प्रत्येक नवी पेशी जुन्या पेशीचे दोन भाग होऊनच तयार होते. जखम भरते, केस वाढतात, रक्त बनतं, पोटातलं बाळ मोठं होतं, सगळं याच रीतीने. आता विचार करा. पेशीच्या आत ४६ गुणसूत्रं असतात, २३ आईकडची आणि २३ वडिलांकडची. शरीर कसं चालवायचं याची सगळी लिखापढी त्यांच्यात असते. पेशी सरळ मधोमध कापली तर प्रत्येकीच्या वाट्याला निम्मा कागद येईल, पुढच्या खेपेला पाव, त्याच्या पुढे आणखी निम्मा. दोन भाऊ वेगळे निघाले की शेताची वाटणी होते, भांड्यांची होते, पण सातबारा मधोमध फाडून अर्धा-अर्धा कोणी घेत नाही. ज्याला त्याला पूर्ण उतारा लागतो. म्हणून पेशी आधी सगळ्या गुणसूत्रांची नक्कल काढते, मगच वाटणीला बसते.

ही नक्कल म्हणजे किरकोळ काम नाही. एका पेशीतल्या डीएनएची अक्षरं मोजली तर ६०० कोटींच्या वर जातात. धागा सरळ ताणला तर साधारण २ मीटर भरतो. एवढं सगळं उतरवायला पेशीला सुमारे ८ तास लागतात. एका टोकापासून सुरुवात केली तर महिने जातील, म्हणून हजारो ठिकाणी एकाच वेळी काम सुरू होतं. चुका तपासून दुरुस्त करण्याची सोयही आहे, त्यामुळे शेवटी अब्जावधी अक्षरांत एखादीच चूक उरते.

नक्कल झाल्यावर मूळ आणि प्रत लगेच वेगळे होत नाहीत. दोन्ही धागे जोडीने बांधलेले राहतात. हे बांधणं फार महत्त्वाचं आहे. वाटणीच्या वेळी पेशीच्या दोन टोकांकडून दोर येतात, जोडीतल्या एकाला इकडचा दोर लागतो, दुसऱ्याला तिकडचा. जोडी दोन्हीकडून ताणली गेली की पेशीला कळतं, नीट लागलंय. मगच बंधन तुटतं आणि एक-एक प्रत एकेका बाजूला जाते. नक्कल वाटणीच्या आधीच का, हे यातून लक्षात येईल. जोडी नसेल तर समान वाटप करायला पेशीकडे दुसरी खूणच नाही. शिवाय वाटणीच्या वेळी गुणसूत्रं घट्ट गुंडाळलेली असतात, आणि बांधलेल्या गाठोड्यातला कागद वाचून उतरवता येत नाही.

हे सगळं माणसाला एकदम कळलं नाही. जर्मनीत वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८२ साली सॅलमँडर नावाच्या पालीसारख्या प्राण्याच्या पेशी रंगवून त्यातले धागे उभे चिरले जाताना पाहिले. पुढच्याच वर्षी विल्हेल्म रू यांनी विचारलं, की पेशी एवढा खटाटोप का करते? नुसती मधोमध का तुटत नाही? त्यांचा तर्क असा, की धाग्यावर जागोजागी वेगवेगळे गुण असणार, आणि प्रत्येक गुण दोन्हीकडे जायला हवा म्हणूनच धागा उभा चिरला जातो. डीएनएचं काम कळायच्या कितीतरी आधीचा हा तर्क आहे. मला तो शोधाइतकाच मोठा वाटतो. तरी नक्कल नेमकी कधी होते हे कळायला १९५० नंतरचा काळ उजाडला. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी पावट्यासारख्या एका शेंगभाजीच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि फोटोच्या फिल्मवर पाहिलं. पेशी जेव्हा शांत, निवांत दिसते, तेव्हाच आत नकला निघत असतात. दिसणारी धावपळ नंतरची.

आता आपल्या केळीकडे. जळगाव, रावेर, यावलच्या मंडळींना सांगायला नको, की बागेतल्या केळीला बी नसतं. बसराई घ्या नाहीतर हल्लीची ग्रँड नैन. या जातींच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नाही, तीन संच असतात, ११ चे तीन म्हणजे ३३. बी धरायचं तर आधी जोड्या लावून संच निम्मे करावे लागतात, आणि तिघांच्या जोड्या लागत नाहीत. तिथे गणित फसतं. पण साध्या पेशीविभाजनाला कुणाची कुणाशी जोडी लावायची नसते. प्रत्येकाने आपली नक्कल काढली की झालं, ३३ च्या ६६ होतात आणि ३३-३३ वाटल्या जातात. म्हणून मुनवे फुटतात, झाड दोन पुरुष उंच होतं, घड पडतो. टिश्यू कल्चरच्या रोपाचंही हेच, बाटलीतल्या इवल्या कोंबातून हजारो रोपं होतात ती या नक्कल काढण्याच्या जोरावर. जंगली केळ्यात कडक काळ्या बिया भरलेल्या असतात, खाताना दात पडतील.

तर नक्कल काढणं इतकं मूलभूत आहे. ते अडलं तर काय होतं, हे डॉक्टरांनी जवळून पाहिलं ते मुंबईत, आणि तेही काय पाहतोय हे न कळता.

१९२० च्या दशकाचा शेवट. खानदेशचा कापूस भुसावळवरून आगगाडीने मुंबईला जात होता आणि परळ-लालबागच्या गिरण्यांत त्याचं सूत होत होतं. त्या गिरण्यांत बायाही राबत. त्यांच्यातल्या गरोदर बायांना एक विचित्र पांढरेपणा येई. चेहरा फिकट, जीभ लाल आणि सोललेली, पायाला सूज, जिना चढताना धाप, आणि बाळंतपणाच्या आसपास मृत्यू. मार्गारेट बाल्फोर या भारतात अनेक वर्षं काम केलेल्या डॉक्टरांनी हे लक्षात आणून दिलं आणि तपासासाठी लंडनहून ल्युसी विल्स यांना बोलावून घेतलं.

ल्युसी विल्स यांचा जन्म १८८८ चा. केंब्रिजला त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या, पण त्या काळी केंब्रिज बायकांना परीक्षेला बसू देई आणि पदवी मात्र देत नसे. ती १९४८ पासून मिळू लागली. पुढे लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या. १९२८ मध्ये त्या मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम सुरू केलं. म्हणजे गिरणगावाच्या अगदी पोटात.

त्यांनी केलेली गोष्ट आजच्या डॉक्टरांनीही गिरवावी अशी आहे. जंतू शोधून हाती काही लागेना, तेव्हा त्या जेवणाकडे वळल्या. त्यांच्याबरोबर मेहता आणि तळपदे हे सहकारी होते. तळपद्यांच्या साथीने त्यांनी मुंबईच्या बायांचं खाणं आणि राहणी कशी आहे याची पाहणी केली. कोण काय खातं, किती खातं, भाजी-फळं किती पोटात जातात. सगळ्यात गरीब मुसलमान बायांचं जेवण सगळ्यात तोकडं निघालं, आणि हा आजारही त्यांच्यातच सगळ्यात जास्त. मग मुंबईतल्या गरीब बाईचं जेवण पिंजऱ्यातल्या उंदरांना दिलं. गाभण उंदरिणी पांढऱ्या पडल्या. यीस्टचा अर्क घातला तर फरक पडला. उंदरांत दुसराच एक जंतुसंसर्ग निघाल्याने निष्कर्ष गढूळ झाले, म्हणून माकडांवर प्रयोग झाले. त्यात मार्माइट दिलं आणि माकड सुधारलं.

मार्माइट म्हणजे बिअर गाळल्यावर उरलेल्या यीस्टचा काळा, खारट, चिकट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. (चवीबद्दल माझं मत विचारू नका.) त्या काळी अशा पांढऱ्या रोगावर एकच नवा उपाय होता, ढीगभर यकृत खायचं. ते महाग होतं, आणि शाकाहारी घरात तर प्रश्नच मिटला. मार्माइट स्वस्त होतं. विल्स यांनी ते मुंबईच्या रोगी बायांना दिलं आणि थोड्याच दिवसांत रक्त वर चढू लागलं. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे छापलं. यीस्टमध्ये आणि कच्च्या यकृतार्कात असं काहीतरी आहे जे शुद्ध केलेल्या यकृतार्कात नाही, हेही त्यांनी पुढे दाखवलं. ते 'काहीतरी' बराच काळ 'विल्स फॅक्टर' म्हणून ओळखलं गेलं.

१९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढला गेला. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून नाव फॉलिक ॲसिड. विल्स फॅक्टर म्हणजे हाच.

तो नेमकं काय करतो? डीएनए चार अक्षरांत लिहिलेला असतो. त्यातलं 'टी' हे अक्षर बनवायला फोलेट लागतं. फोलेट संपलं की 'टी'चा साठा आटतो. छापखान्यात एका अक्षराचे खिळेच संपले तर पान जुळवायचं कसं? नक्कल अडखळते, चुकीची अक्षरं बसतात, ती काढण्यात पुन्हा धागा तुटतो. पण पेशीचं बाकीचं काम चालूच असतं. ती हिमोग्लोबिन बनवते, फुगत जाते, फक्त वाटणीला बसू शकत नाही. अशा अजस्र, अर्धवट पेशींनी अस्थिमज्जा भरून जाते आणि बऱ्याचशा तिथेच मरतात. ल्युसी विल्स यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होत्या त्या याच मोठ्या पेशी. त्या वेळी डीएनए हा आनुवंशिकतेचा पदार्थ आहे हे माहीत नव्हतं, माणसाची गुणसूत्रं किती हेही धड माहीत नव्हतं. ४८ समजत. ४६ हा बरोबर आकडा १९५६ मध्ये छापून आला.

रक्तालाच पहिला फटका का बसतो? कारण तुमची अस्थिमज्जा दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी बनवते. जिथे नकला जास्त, तिथे तुटवडा आधी जाणवतो. जीभ आणि आतड्याचं अस्तर यांचंही तसंच, म्हणून ती सोललेली लाल जीभ. आणि गरोदरपणी तर आईचं रक्तही वाढायचं असतं आणि एका पेशीपासून पूर्ण बाळही घडायचं असतं. शरीरातला फोलेटचा साठा जेमतेम काही महिन्यांचा. गिरणीतल्या त्या बाईचं शरीर नकलांच्या ओझ्याखाली दबलं होतं.

म्हणून लोहाच्या गोळीत फॉलिक ॲसिड. लोह हिमोग्लोबिनसाठी, फॉलिक ॲसिड पेशी वाढवण्यासाठी. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, आणि चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे निदान १८० दिवस घ्यायची असते. काळी शी होणं हा लोहाचा गुण आहे, घाबरून गोळी बंद करू नका. तुमच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही असा एक आकडा असतो. तो तांबड्या पेशीचा आकार. साधारण ८० ते १०० मध्ये असावा. लोह कमी असेल तर तो घसरतो, फोलेट किंवा बी १२ कमी असेल तर १०० च्या वर जातो. आपल्याकडे दोन्ही कमतरता एकत्र असतात, तेव्हा एक वर ओढतं, एक खाली, आणि आकडा साळसूदपणे मधोमध दिसतो. म्हणून नुसता एक आकडा बघून "नॉर्मल आहे" म्हणू नका.

पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिडची वेगळी गोळी देतात, तिचं कारण आणखी निकडीचं आहे. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून होतो ती गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटते. पाळी चुकल्याचं नीट लक्षात यायच्या सुमारासच हे काम उरकलेलं असतं. १९९१ मध्ये ७ देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीत, आधी असं बाळ झालेल्या बायांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिलं, तर पुन्हा तो दोष येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. तेव्हा लग्न झालेल्या मुलींनो, मूल हवं असं ठरवलंत की त्याच दिवशी गोळी सुरू करा, दिवस राहिल्यावर नाही. आधीच्या बाळात असा दोष असेल तर डोस वेगळा असतो, तो डॉक्टरांना विचारून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर मेथी, पोकळा, चवळीची भाजी, अंबाडी, मूग, हरभरा, शेंगदाणे, सगळ्यात फोलेट आहे. आपली अडचण शिजवण्यात आहे. अंबाडी उकडून आपण ती पिळून पाणी फेकतो, आणि फोलेट पाण्यातच जातं. आंबटपणा सोसत असेल तर थोडं पाणी डाळीत वापरा. पालेभाजी चिरून धुऊ नका, धुऊन चिरा, आणि फार वेळ रटरटू देऊ नका.

एक इशारा. फोलेटचा जोडीदार म्हणजे बी १२. तो दूध, दही, अंडी, मांस-मासे यांतच मिळतो, भाजीत नाही. बी १२ नसेल तर शरीरातलं फोलेट अडकून पडतं आणि नकला तशाच थांबतात. अशा माणसाने मेडिकलमधून नुसतं फॉलिक ॲसिड आणून खाल्लं तर रक्त सुधारतं, पण नसांची हानी आत चालूच राहते. १९४० च्या दशकात, गोळी नवी होती तेव्हा, डॉक्टरांनी हे रुग्णांवर होताना पाहिलं. पायाला मुंग्या, अंधारात तोल जाणं, चप्पल निसटली तरी न कळणं, असं काही असेल तर आधी बी १२ तपासा. आपल्याकडच्या शुद्ध शाकाहारी घरांत हे फार दिसतं.

आता गोष्ट उलटी फिरते. नक्कल थांबली तर पेशी वाढत नाहीत, मग नको असलेल्या पेशींची नक्कल मुद्दाम थांबवली तर? आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली १९४५ च्या सुमारास फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार झालं. बोस्टनचे सिडनी फार्बर यांना रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना अशी औषधं देताना वाटलं, की रोग उलट जोर धरतोय. मग सुब्बारावांच्या चमूने फोलेटसारखा दिसणारा पण काम बंद पाडणारा पदार्थ दिला, अमिनोप्टेरिन. १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांचा अनुभव छापला, त्यातल्या १० जणांत रोग काही काळ मागे हटला होता. केमोथेरपीची ती सुरुवातीची पावलं. केमोत केस गळतात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी घटतात, त्याचं कारणही हेच. भरभर नकला काढणाऱ्या चांगल्या पेशीही त्यात सापडतात.

त्याच कुळातलं मेथोट्रेक्झेट आज संधिवात आणि सोरायसिससाठी अगदी कमी डोसमध्ये देतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर अस्थिमज्जा बंद पडून जीव जाऊ शकतो. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा. डॉक्टर सोबत फॉलिक ॲसिड देतात ते दुसऱ्या दिवशी. दोन्ही गोळ्या पिवळट आणि लहान असू शकतात, एका डबीत ठेवू नका. तोंडात फोड आले किंवा ताप आला तर गोळी थांबवून लगेच दाखवा. मूल हवं असेल तर आधी सांगा, गरोदरपणात हे औषध चालत नाही.

आणि सातपुडा. धुळे, नंदुरबार, जळगावच्या उत्तरेकडचे तालुके, तिथल्या पावरा, भिल्ल, मावची अशा समाजांत सिकलसेल आढळतो, इतर समाजांतही असतो. हिमोग्लोबिनच्या लिखापढीत एकच अक्षर बदललेलं, 'ए'च्या जागी 'टी'. नक्कल काढणारी यंत्रणा चूक-बरोबर जाणत नाही, समोर आहे ते इमानाने उतरवते, म्हणून ते अक्षर पिढ्यान्‌पिढ्या तसंच आलं. साधी तांबडी पेशी १२० दिवस जगते, सिकलसेलची १० ते २०. तेवढी भर काढायला अस्थिमज्जेला कितीतरी पट नकला काढाव्या लागतात, म्हणून या रुग्णांना रोज फॉलिक ॲसिड. त्यांच्यातल्या अनेकांना हायड्रॉक्सीयुरिया नावाची कॅप्सूलही देतात, आणि ती नकलेची अक्षरं बनवण्याचं काम थोडं आवरते! एक गोळी नक्कल चालू ठेवायला, दुसरी तिला लगाम घालायला. लोकांना हे विसंगत वाटतं आणि ते मनानेच एक बंद करतात. तसं करू नका. त्या हलक्या लगामामुळे अस्थिमज्जा बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा जास्त बनवू लागते, ते विळ्यासारखं वाकत नाही, आणि दुखण्याचे झटके कमी होतात. लगाम जास्त तर होत नाही ना, हे पाहायला ठरल्या वेळी रक्ततपासणी करावी लागते. तपासणीच्या दिवशी मजुरी बुडते हे मला माहीत आहे, पण कॅप्सूल चालू असेपर्यंत ती टाळू नका, आणि मूल हवं असेल तर कॅप्सूलबद्दल आधी बोला.